ओट्यावरच्या ग्रॅनाइटपासून हंपीच्या धोंड्यांपर्यंत : खडकाळ टेकडी वाचायची कशी

हंपीला पहिल्यांदा गेलेला मुंबईकर मातंग टेकडीखाली उभा राहिला की हमखास विचारतो, "एवढे धोंडे एकावर एक रचले कोणी?" गावातले लोक किष्किंधेची गोष्ट सांगतात, वाली-सुग्रीवाच्या वानरांनी भिरकावलेल्या शिळांची. गोष्ट सुंदर आहे आणि त्या जागेला शोभते. मला मात्र त्या प्रश्नातला 'रचले' हा शब्द खटकतो. ते धोंडे कोणी रचलेले नाहीत, वाहून आलेले नाहीत, वरून पडलेलेही नाहीत. ते जिथे होते तिथेच आहेत. त्यांच्या भोवतीचं सगळं निघून गेलं आणि ते उरले.

हे आपल्याला चटकन पटत नाही, कारण आपले डोळे सह्याद्रीने घडवले आहेत. आपल्याकडचा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर चढून उभा राहिला. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतून त्या पायऱ्या दिसतात. दख्खनच्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दच मुळी पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. ग्रॅनाइटच्या टेकडीची गोष्ट बरोबर उलटी आहे. म्हणून मी मंडळींना हंपीला नेते तेव्हा आधी मुंबईत तीन गोष्टी करून घेते. त्या इथे क्रमाने देते. पहिल्या तीन पायऱ्यांना मिळून एक शनिवार-रविवार लागतो आणि शे-दोनशे रुपयांहून जास्त खर्च नाही.

पहिली पायरी : स्वयंपाकघरातला ओटा

मुंबईच्या जमिनीवर ग्रॅनाइट उघडा पडलेला नाही, पण घराघरांत आहे. ओटा, खिडकीची चौकट, लिफ्टभोवतीचा पट्टा, इमारतीच्या पायऱ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ओटा लाल, गुलाबी किंवा करडा असेल तर त्यावर ओणवे व्हा. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि डोकं खाली न्यायचं. भिंग दगडाजवळ धरून लांबून बघितलं तर काही दिसत नाही.

तीन प्रकारचे दाणे ओळखायचे आहेत. ओल्या बर्फासारखे, करडे, काचेसारखे दिसणारे दाणे म्हणजे क्वार्ट्‌झ, आपली गारगोटी. गुलाबी, मांसल रंगाचे किंवा दुधी दाणे म्हणजे फेल्डस्पार. त्यांची पृष्ठं सपाट असतात आणि डोकं हलवलं की एखादं पृष्ठ आरशासारखं लकाकतं. काळे ठिपके बहुधा काळ्या अभ्रकाचे, कधी हॉर्नब्लेंड नावाच्या खनिजाचे. न घासलेल्या तुकड्यात अभ्रक असेल तर टाचणीच्या टोकाने त्याचा पापुद्रा सुटतो. मुख्य म्हणजे हे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थिजला, म्हणून स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. खडक किती सावकाश थंड झाला हे दाण्याच्या आकारावरून कळतं.

आता बाजारातली एक गफलत. दुकानात 'ग्रॅनाइट' म्हणून विकलं जाणारं सगळंच ग्रॅनाइट नसतं. व्यापारात संगमरवराहून कठीण आणि चकाकी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दगडाला ते नाव मिळतं. आंध्रातल्या चिमकुर्तीहून येणारा, चांदण्या विखुरल्यासारखा 'ब्लॅक गॅलेक्सी' हा ग्रॅनाइट नव्हे. तो गॅब्रो नावाच्या गडद खडकाच्या कुळातला आहे. इतर काळेभोर ओटेही बहुतेक डोलेराइट किंवा गॅब्रोचे असतात. ओटा म्हणून ते उत्तमच. फक्त त्यात गारगोटी शोधत बसू नका. खरा ग्रॅनाइट बघायचा तर करीमनगरकडचा 'टॅन ब्राउन' किंवा इलकलचा लाल बघा. आपल्या आज्या-पणज्यांची इरकली लुगडी आली तेच हे इलकल, बागलकोट जिल्ह्यातलं.

शंका राहिली तर दगड तोलायचा. मला सगळ्यात आवडणारा प्रयोग हा, आणि तो फसत नाही. मार्बल-ग्रॅनाइटच्या गोदामातून कापून उरलेला तुकडा मागून आणा. असे तुकडे बहुधा फुकट देतात. दोन-तीनशे ग्रॅमचा असावा. घरातल्या वजनकाट्यावर तो कोरडा तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. तुकड्याला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, पाणी सांडू देऊ नका. काट्यावर आता जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटीमीटर त्या तुकड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. २७० ग्रॅमचा तुकडा आणि पाण्यातला आकडा १०० असेल तर घनता २.७. खरा ग्रॅनाइट २.६ ते २.७ च्या आसपास येतो. काळा ओटा ३ च्या जवळ जातो आणि तिथेच त्याचं बिंग फुटतं.

चाकूचीही परीक्षा आहे. क्वार्ट्‌झची कठीणता खनिजांच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७, फेल्डस्पारची ६, साध्या पोलादी चाकूची साधारण साडेपाच. त्यामुळे ग्रॅनाइटवर चाकू ओढला तर चरा पडत नाही, उलट चाकूचाच करडा माग उमटतो. संगमरवर ३ वरच हार मानतो, शिवाय व्हिनेगरच्या थेंबाला बुडबुडे सोडतो. हे सगळं गोदामातल्या तुकड्यावरच करा. घरच्या ओट्यावर केलंत आणि कोणी रागावलं तर बाजू त्यांचीच बरोबर असेल.

दुसरी पायरी : गिल्बर्ट हिल

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या जवळ, इमारतींच्या मधोमध सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा सुळका उभा आहे. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेचं मंदिर, तिथवर कोरलेल्या पायऱ्या. बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात. तुम्ही आधी खालून बघा. दगड उभ्या खांबांची जुडी बांधल्यासारखा दिसतो. लाव्हा थंड होताना आकसला, तडे वरून आणि खालून आत शिरत गेले आणि बहुकोनी खांब तयार झाले. ही सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट.

खिशात खडीचा एक तुकडा ठेवा. बांधकामाजवळ हवे तेवढे पडलेले असतात. त्यावर भिंग धरलंत तर दाणे दिसणार नाहीत, काळा-करडा एकजीव पोत दिसेल. हा आपला काळा पाषाण, बसाल्ट. हवेत किंवा जमिनीलगत लवकर थिजला, स्फटिकांना वेळच मिळाला नाही. याच बारीक, चिवट पोतामुळे त्याचा पाटा-वरवंटा होतो आणि टाकी लावली की पुन्हा धरतो.

इथे उभं राहून दोन गोष्टी मनात पक्क्या करा, कारण हंपीत त्यांचा उपयोग होणार आहे.

एक म्हणजे तडा. खडक कुठलाही असो, थंड होताना, दाब सुटताना किंवा भूकवच हलताना त्याला चिरा पडतातच, आणि त्या वाटेल तशा नसतात, त्यांना दिशा असते. पुढे खडकाचं जे काही होणार ते या चिरा ठरवतात. बसाल्टच्या खांबी चिरांमधून गिल्बर्ट हिलचा सुळका झाला. ग्रॅनाइटच्या चिरा बहुधा एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, म्हणजे आधी प्रचंड विटाच विटा.

दुसरी गोष्ट थरांची. मुंबईतल्या वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांच्या मध्ये एका जुन्या तळ्याचा गाळ सापडला आणि त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म होते. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पाणी साठलं, बेडूक नांदले, मग पुढचा लाव्हा आला. आपले डोंगर असे दिसामासाने वर चढलेले आहेत. ग्रॅनाइटच्या पोटात असं तळं कधीच सापडणार नाही. तो जन्मला तेव्हा त्याने आभाळ पाहिलेलंच नव्हतं.

तो आपल्याही पायाखाली आहे, हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस त्याच विचारात होते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे विवर खोदलं, तर ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटी नाइसचा, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पट्टेदार झालेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकाचा, पाया लागला. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तिथे तो सुमारे सव्वा किलोमीटरवर भेटला. महाराष्ट्राचा मोठा भाग काळी चादर ओढून झोपलेला आहे. चादर जिथे संपते तिथे, नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे, चंद्रपूर-गडचिरोलीत, खाली सिंधुदुर्गात, जुना खडक वर डोकावतो. हंपी लांब वाटत असेल तर देगलूरच्या बाजूला जाऊनही पुढचं बरंच काही बघता येतं.

तिसरी पायरी : साबणाच्या वड्या आणि ओली वाळू

हा प्रयोग मी माझ्या भाचीसाठी केला आणि तेव्हापासून प्रत्येक सहलीआधी सगळ्यांना करायला लावते. वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे हाताला कळतं.

कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या आणा. एकीचे साधारण तीन सेंटीमीटरचे चौकोनी ठोकळे कापा, दुसरीचे एक सेंटीमीटरचे. खोलगट ट्रेमध्ये मोठे ठोकळे एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला, भिंत बांधतात तसे दोन-तीन थरांत खेटून लावा. वरून आणि बाजूने ओली वाळू दाबून सगळं पुरून टाका. दोन दिवस वाळू ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. मग तांब्याने हळूहळू पाणी सोडत वाळू धुऊन काढा.

लहान ठोकळ्यांच्या जागी लगदा असेल, वाळूबरोबर तो वाहून जाईल. मोठे ठोकळे शाबूत राहतील, पण चौकोनी नाही. कोपरे गेलेले, कडा बोथट, एकावर एक तोललेले. समोर छोटं हंपी.

घडलं काय? पाणी चिरांतून आत शिरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एका दिशेने भिडतं, कडेला दोन दिशांनी आणि कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरा आधी जातो, मग कड, आणि चौकोनाचा गोल होतो. चिरा जवळजवळ असतील तर अख्खा ठोकळाच विरघळतो. चिरा लांब लांब असतील तर गाभा वाचतो. टेकडी कुठे राहणार आणि दरी कुठे पडणार हे बहुतांशी चिरांमधल्या अंतरावर ठरतं. एकाच दगडाच्या मुलखात एक जागा उंच आणि शेजारची सखल का, याचं उत्तर इथे मिळतं.

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये हे काम विरघळण्याने होत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि जमिनीखाली फेल्डस्पारला कुजवतं. फेल्डस्पारची चिकणमाती होते, त्यातच चिनी मातीही आली. अभ्रक पाणी पिऊन फुगतं आणि दाण्यांची पकड सैल करतं. क्वार्ट्‌झला काहीच होत नाही, तो भरड वाळू होऊन सुटतो. अशा रवाळ, दगडाचा रंग शाबूत असलेल्या पण हाताने चुरता येणाऱ्या मातीत न कुजलेले गोल गाभे अडकून राहतात. हा झाला पहिला टप्पा, पूर्णपणे जमिनीखालचा. दुसऱ्या टप्प्यात जमीन उंचावते किंवा नद्या खोल कापत जातात, पाऊस ती सैल माती धुऊन नेतो आणि गाभे उघडे पडून एकमेकांवर टेकतात. इंग्लंडमधल्या डार्टमूरवर अशा ढिगांना टॉर म्हणतात, आणि हा दोन टप्प्यांचा विचार डेव्हिड लिंटन यांनी १९५५ मध्ये तिथल्याच टॉरवरून मांडला. पुढे १९६२ मध्ये पामर आणि नीलसन यांनी डार्टमूरवरचं श्रेय हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याला दिलं. थंड मुलखासाठी तो वाद अर्थपूर्ण आहे. पण तुंगभद्रेकाठी हिम आणणार कुठून? आपल्या उष्ण, पावसाळी दक्षिणेत मला लिंटन यांचं म्हणणंच जास्त पटतं.

आणखी एक प्रकारची चीर लक्षात ठेवा. वरचे किलोमीटरभर खडक झिजून गेले की खालच्या ग्रॅनाइटवरचा दाब उतरतो, तो किंचित प्रसरण पावतो आणि पृष्ठाला समांतर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो. जिथे उभ्या-आडव्या चिरा फारच कमी आहेत तिथे धोंड्यांचा ढीग न होता एकच गुळगुळीत घुमट उरतो. बंगळुरूजवळचं सावनदुर्ग असं आहे.

चौथी पायरी : खिडकीतून बदलणारा दगड

मुंबईहून सोलापूर, विजयपूर, बागलकोट, गदग करत होसपेटेला जाणाऱ्या गाडीने जा. विमान किंवा रात्रीची बस घेतलीत तर अर्धा धडा झोपेत जातो. उजाडल्यावर खिडकी सोडू नका. विजयपूरपर्यंत आपलाच काळा पाषाण आहे. गोल घुमट त्याच गडद दगडात उभा आहे. पुढे बागलकोट-बदामीकडे माती आणि कडे लालसर होतात. हा कलादगी गटाचा वालुकाश्म, बदामीची लेणी त्यातच कोरलेली. त्यानंतर जमीन सपाट होत जाते आणि मग अचानक क्षितिजावर दातेरी, गोल गोल आकार दिसू लागतात. काळी चादर संपली, लाल गाळही मागे पडला, आता तुम्ही तळाच्या खडकावर आहात. हंपी परिसरातला ग्रॅनाइट साधारण अडीचशे कोटी वर्षांचा. गिल्बर्ट हिलच्या तुलनेत चाळीसपट जुना.

पाचवी पायरी : टेकडीवर काय बघायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यात दगड इतके तापतात की दुपारी हात टेकवत नाही. पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी, भिंग, वही, एक मोजपट्टी. हातोडा घरी ठेवा. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा आहे आणि वारशाची भिंत कुठे संपते आणि नुसता धोंडा कुठे सुरू होतो हे तिथे सांगता येत नाही. माकडांपासून पिशव्या सांभाळा. शेजारच्या दरोजीला अस्वलांचं अभयारण्य आहे आणि अस्वलं अशाच धोंड्यांच्या कपारीत राहतात, तेव्हा अंधार पडायला लागला की सुनसान टेकडीवर थांबू नका.

सुरुवात हेमकूटपासून करा, विरूपाक्ष मंदिराच्या शेजारची ती उतरती कातळपाठ. इथे धोंडे कमी आणि पृष्ठ जास्त आहे, म्हणून पापुद्रे सुटण्याची क्रिया स्वच्छ दिसते. पाठीला समांतर गेलेली चीर शोधा, तिची जाडी मोजा. पोकळ पापुद्र्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं तर बद्द आवाज येतो, घट्ट दगडाचा वेगळा.

मग मातंग टेकडी, शक्यतो पहाटे. माथ्यावर जायची घाई करू नका. एखादा तोललेला धोंडा निवडा आणि त्यालाच वीस मिनिटं द्या. त्याच्यातली चीर खालच्या धोंड्यात त्याच रेषेत पुढे जाते का? काळ्या खनिजाचा किंवा पांढऱ्या शिरेचा पट्टा दोघांतून सलग जातो का? जात असेल तर ते दोघे एकाच विटेच्या भिंतीतले शेजारी आहेत, जागचे हललेले नाहीत. हा एक पुरावा हाती लागला की 'रचले' हा शब्द आपोआप गळून पडतो. रेषा जुळत नसतील तर वरचा कधीतरी घसरला आहे. असेही बरेच आहेत, आणि ते ओळखता येणं हेच खरं वाचन.

नदीने गोल केले असतील, ही शंका हमखास येते. तिचं उत्तरही तिथेच मिळतं. नदीच्या पात्रात वेगवेगळ्या मुलखांतले दगड मिसळलेले असतात, लहानमोठे गोटे एकत्र. इथे धोंडा आणि त्याच्याखालचा कातळ दोघांचा दगड एकच. टेकडीच्या माथ्यापर्यंत तसंच. धोंड्याच्या बुडाशी वाकून मूठभर माती घ्या: टोकदार गारगोटीचे कण, अभ्रकाची चमक, थोडी चिकट माती. पहिल्या पायरीत भिंगाखाली पाहिलेला ओटाच सुटा होऊन तळहातावर आलेला असतो.

काही धोंड्यांवर ओळीने खाचा दिसतील, हातभर अंतरात सात-आठ. त्या निसर्गाच्या नाहीत. विजयनगरच्या पाथरवटांनी तिथे पाचरा ठोकून दगड सरळ रेषेत फोडला. लक्ष्मी-नरसिंहाची १५२८ मधली ६.७ मीटर उंच मूर्ती एकाच शिळेतून घडवली, ती का जमली हेही आता कळेल: जिच्यात इतक्या उंचीपर्यंत चीर नाही अशी शिळा मिळायला लांब लांब चिरांचाच ग्रॅनाइट लागतो. त्या कारागिरांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं, आणि त्या मूर्तीपुढे उभं राहिलं की मला देवाइतकंच त्यांनाही नमावंसं वाटतं.

फोटो काढताना शेजारी माणूस किंवा पाण्याची बाटली ठेवा, नाहीतर घरी आल्यावर दहा मीटरचा धोंडा आणि दहा सेंटीमीटरचा गोटा सारखेच दिसतात. वहीत प्रत्येक जागी तीनच गोष्टी लिहा: चिरांमधलं अंतर, धोंडा जागचा की घसरलेला, पायाशी माती कशी.

होसपेटेला परतताना रस्त्यासाठी किंवा विहिरीसाठी ताजं खणलेलं काही दिसलं तर गाडी थांबवायला सांगा. कापलेल्या कडेत रवाळ, पिवळट मुरूम असतो आणि मध्येच एखादा गोल, घट्ट दगड, अर्धा आत अर्धा बाहेर. वरच्या शेतात त्याची काहीच खूण नसते. त्याला अजून ऊन लागलेलं नाही. बोटाने त्याच्याभोवतीचा मुरूम थोडा खरवडून बघा, गोलाई आत किती गेली आहे ते.